शांतव्वाचा होकार

शांतव्वाची मान प्रश्न संपायच्या जरा आधीच डोलत होती. शेवटचा शब्द हवालदारांच्या तोंडात असायचा, तोवर हिचा होकार येऊन गेलेला. नव्याने रुजू झालेल्या उपनिरीक्षक भूमिकाने ते दोनदा पाहिलं.

"यंत्रमागाच्या शेडातनं सूत चोरलं म्हणून तुला अटक करायलोय," आकाराम हवालदार पुन्हा म्हणाले. "कळलं न्हवं?"

"व्हय." मान आधीच डोलली होती. मांडीवर फडक्यात बांधलेल्या भाकरी तिने दोन्ही हातांनी धरल्या होत्या.

"बघा मॅडम, कळलंया की. अंगठा घिऊन टाकू. दिवस बुडाल्यावर बाईमानसाला अटक करता येत न्हाय. तुमच्याच पुस्तकात हाय."

"तिच्या भाषेत सांगायला हवं. तेही पुस्तकात आहे. कानडी येणारा शिपाई कुठंय?"

"जत्रंच्या बंदोबस्ताला. आज काय येत न्हाय त्यो." हवालदार हसले. "का तुमीच बोलताय? तुमी गडहिंग्लजच्या पल्याडच्या न्हवं का?"

पहिल्याच दिवशी कुणीतरी 'कानडी पावणी आली' म्हणालं, तेव्हा भूमिकाने सांगून टाकलं होतं, आमच्या घरी मराठीच बोलतात. तेव्हापासून घरचा फोन आला की ती अंगणात जायची.

खिडकीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. हवालदारांनी शाईचा पॅड पुढे सरकवला. शांतव्वाने फडकं एका हातात घेतलं आणि अंगठा आपणहून पुढे केला.

"अव्वा," भूमिका म्हणाली, आणि पुढचं कानडीत विचारलं. तुला इथं कशाला आणलंय?

हवालदारांचा हात पॅडवरच राहिला.

या वेळी शांतव्वाची मान हलली नाही. तिने प्रश्न पुरता ऐकला. मग भराभरा बोलली. माझा लेक सोमेश सापडला ना? सणापासनं घरी नाही तो. पोलिसांची गाडी दारात आली तेव्हाच ओळखलं मी. भाकरी घेतल्या आणि बसले. कुठं ठेवलंय त्याला?

"काय म्हणती, मॅडम?"

भूमिकाने पॅडचं झाकण लावलं. दाराकडे बघत बसलेल्या त्या बाईच्या शेजारी तिने खुर्ची ओढून घेतली.

"हवालदार, आज अटक नाही. हिला अजून कुणी काहीच सांगितलेलं नाही."