मास्तरांच्या बाजूचा ब्रेक

"बंद म्हणजे काय बंद? गाडी माझी, पाय माझा, आणि ब्रेक बंद करणारे हे कोण टिकोजीराव?"

मास्तर गाडीतल्या पडद्याशी भांडत होते. पडद्यावर कंपनीचा निरोप होता. रात्री नवं अपडेट आलं होतं आणि शिकवणाऱ्याच्या बाजूचा ब्रेक यापुढे बंद राहील, असं त्यात गोड शब्दांत लिहिलं होतं.

पेडल पायाशी होतं तिथंच होतं. पण विजेची गाडी ती. कुठेतरी लांब बसून कुणीतरी बटण दाबलं आणि मास्तरांच्या पेडलचं पायपुसणं झालं.

मास्तर उतरून घरात आले. खिडकीतली खुर्ची ओढली आणि बसले. ते बघून सून स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. ती खुर्ची तिला चांगली ठाऊक होती.

आयुष्यभर मास्तरांनी लोकांना गाडी शिकवली. मग झटका आला, उजवा पाय ओढला गेला आणि ड्रायव्हिंग स्कूलची पाटी खाली उतरली. तेव्हापासून ते याच खुर्चीत बसून असत. हाक मारली तरी मान वळवत नसत. पाय वापरला नाहीत तर तो जाईल आणि मागोमाग तुम्हीही जाल, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं, तरी ढिम्म. शेवटी एका सकाळी सूनच म्हणाली, "बाबा, मला गाडी शिकवा." त्या दिवशी मास्तर उठले ते उठले. शिकवताना ब्रेकवर पाय ठेवून ठेवूनच पायात पुन्हा जीव आला होता.

"उद्या जाऊ या ना शिकायला?" सुनेनं विचारलं.

"ब्रेक नसलेला मास्तर म्हणजे नुसता प्रवासी. दुसरा कुणी बघ."

सुनेनं किल्ली उचलली. ती सासूबाईंना म्हणाली, "चला माझ्यासोबत, शेजारचा मुलगा गाडी चालवेल, सर्व्हिस सेंटरला जाऊन येऊ."

दुपारी दोघी परतल्या. सुनेच्या हातात बुटांचा खोका होता.

"झालं काम. चला बाबा, बघून घ्या."

घरासमोरच्या रस्त्यावर सुनेनं गाडी चालवली आणि मास्तरांनी आपल्या बाजूचं पेडल दाबलं. गाडी थांबली. पुन्हा दाबलं, पुन्हा थांबली.

"पूर्वीपेक्षा मऊ लागतोय."

"आता असाच लागणार म्हणे."

"लागू दे. थांबल्याशी कारण." मास्तरांचा चेहरा उजळला. मग त्यांनी खोका उघडला. आत पांढरेशुभ्र बूट. "हे कशाला? मी काय टेनिस खेळायला चाललोय?"

"यांचा तळ घसरत नाही, बाबा. गाडीत बसताना हेच घालत जा."

"घाला हो," दारातून सासूबाई म्हणाल्या. "लग्नातसुद्धा एवढे चकचकीत नव्हते तुमचे. तेव्हा न बघता फसले, आता तरी नीट बघू दे."

शिकवणी पुन्हा सुरू झाली. सून हुशार होती. वळणं, चढण, गर्दी, मागे घेणं, सगळं तिला जमू लागलं. एक खोड मात्र जाईना. नजर सारखी खाली जायची.

"पुढे बघ! पेडलकडे बघायचं नसतं. पाय आपली जागा आपण शोधतो. पहिल्या दिवसापासून सांगतोय."

"हो बाबा. चुकून गेली."

"नवशिके सगळे असेच."

एकदा मोकळ्या रस्त्यावर, तिला जागं ठेवावं म्हणून मास्तरांनी मुद्दामच ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी. मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवून दोघांचा उद्धार केला. मास्तर मात्र खुशीत हसत होते.

आणि एकदा उभ्या गाड्यांच्या मधून एक म्हातारी अचानक रस्त्यात आली. मास्तरांचा पाय खाली गेला. गाडी हातभर अंतरावर थांबली. म्हातारीनं काठी उगारली, चार शिव्या दिल्या आणि निघून गेली.

"बघितलंस?" मास्तरांना धाप लागली होती. "पाय अजून शाबूत आहे माझा."

"तुम्ही होतात म्हणून, बाबा." तिच्याही कपाळावर घाम होता.

त्या रात्री जेवताना मास्तरांनी जाहीर केलं, "पाटी परत लावतोय. बेकरीवाला शिकायला येतोय सोमवारपासून."

सुनेचा घास हातातच राहिला. "आधी माझी परीक्षा होऊ दे ना."

"तुझी परीक्षा केव्हाच व्हायला हवी होती. तूच टाळतेस दर वेळी."

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं आणि भांडी आवरायला घेतली.

"मग निदान गाडी तपासून घेऊ," सून म्हणाली. "परका माणूस बसणार. तुम्ही स्वतः चला बाबा. जे काय ते तुमच्यासमोर होऊ दे."

"हे शहाण्यासारखं बोललीस."

सर्व्हिस सेंटरमध्ये मेकॅनिकनं गाडीला लॅपटॉप जोडला. मास्तर गाडीसमोर खुर्ची घेऊन बसले. सून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"गाडी झकास ठेवलीय, मास्तर. फक्त तुमच्या बाजूच्या ब्रेकच्या भरवशावर कुणाला शिकवू नका."

"का? बिघडलाय?"

"बिघडलाय कुठला? कंपनीनं बंद केलाय ना. या मॉडेलला तो परत चालू होत नाही. या दोघी आल्या होत्या, तेव्हाच सांगितलं होतं मी."

"काहीतरीच काय! आत्ता येताना सिग्नलला मीच थांबवली गाडी."

मेकॅनिकनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. मास्तरांनी वाचलं. मग हळूहळू मान वर करून सुनेकडे पाहिलं. तिची नजर नेहमीसारखी खाली होती, त्यांच्या पांढऱ्या बुटावर.

घाबरले की व्हायचं तसंच झालं. मास्तरांचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला गेला. आणि त्याच क्षणी, समोर उभ्या सुनेचाही.