आईला जमलं पाहिजे

"इथं माझं घोडं पेंड खातंय बघ," आई म्हणाली आणि माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

मुलगा काहीच बोलला नाही. बोलायचं नाही, हा त्याच्या धंद्यातला नियमच होता. वेबसाइट बनवणाऱ्यानं वापरणाऱ्याच्या शेजारी बसायचं, फोन बंद ठेवायचा आणि नुसतं बघायचं. माणूस कुठे थबकतो, कुठे डोळे बारीक करतो, काय पुटपुटतो. बोटसुद्धा दाखवायचं नाही. वापरणारा चुकला तर दोष बनवणाऱ्याचा, हे तो ऑफिसातल्या पोरांना कानीकपाळी ओरडून सांगायचा.

"काय शोधतेयस?" एवढंच त्यानं विचारलं. तेवढी मुभा होती.

"यायची तारीख. जायची मिळाली. यायची कुठे दडवून ठेवलीयस?"

त्यानं टिपून घेतलं. मागच्या रविवारी ती जागा निवडताना अडली होती, त्याआधी नाव भरताना. एकदा दुरुस्ती केली की त्या ठिकाणी ती पुन्हा कधी अडखळत नसे. मग पुढे कुठेतरी अडायची. अशी प्रामाणिक परीक्षक त्याला बाजारात शोधून सापडली नसती.

साइट एका बस कंपनीची होती. मालक तोंडाचे फटकळ. त्यांना पहिल्याच पानावर डोंगरातून धावणारी बस हवी होती, मागे संगीत वाजवत.

"साहेब, लोक बस बघायला येत नाहीत, तिकीट काढायला येतात," यानं सांगून पाहिलं होतं. "माझ्या आईला जमेल अशी साइट करू."

मालकांनी शब्द पकडला. "ठीक. तुमच्या आईंनी कुणाच्या मदतीशिवाय तिकीट काढलं की मी सही करतो. नाही जमलं तर माझी डोंगरातली बस करून द्यायला दुसरा माणूस तयार बसलाय."

नवी साइट तात्पुरती सगळ्यांना खुली केली होती, पण पक्कं काहीच नव्हतं. आणि हे काम गेलं असतं तर त्याच्या एवढ्याशा ऑफिसला टाळंच लागलं असतं. आईला मात्र त्यानं यातलं काही सांगितलं नव्हतं. वापरणाऱ्यावर दडपण आणायचं नाही, हाही नियमच.

चहा मिळायचा तो रविवारची ही तपासणी झाल्यावरच. आधी दिला की तू पिऊन पळतोस, असं आईचं म्हणणं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पूर्वी तो यायचा तोच कानाला फोन लावून, आणि बूट न काढताच परत फिरायचा.

चहा ओतताना आई इमारतीतल्या बातम्या पुरवायची. वरच्या आजोबांचं गुडघेदुखीचं रडगाणं. खालच्या काकू लेकीकडे जाऊन आल्या, खिडकीची जागा मिळाली म्हणून खुशीत होत्या. तो हं हं करत आपली टिपणं चाळायचा. जिन्यात शेजारी भेटले की म्हणायचे, "फार छान काम केलंस हो." लोकांचा चांगुलपणा, दुसरं काय, असं म्हणून तो हसून पुढे व्हायचा.

पुढच्या रविवारी तो आला तो पडलेल्या चेहऱ्यानं. त्यानंच दिलेल्या जुन्या कम्प्युटरवरचं कापड आईनं काढलं, नीट घडी घालून बाजूला ठेवलं.

"काय रे, बरं नाही का?"

"काही नाही. तू सुरू कर."

"सांग आधी."

त्यानं स्वतःचाच नियम मोडला. "आई, आज तिकीट निघालं नाही तर काम हातचं जाईल. मालकांनी उद्यापर्यंतच थांबायचं कबूल केलंय."

आईचा चेहरा एकदम उतरला. "म्हणजे मी अडते म्हणून?"

"तुझ्यामुळे नाही गं. मलाच सोपं करायला जमत नाहीये."

आई त्याच्याकडे बघत राहिली. कपाळावर आलेले त्याचे केस तिनं मागे सारले. मग खुर्ची पुढे ओढली आणि माउस हातात घेतला. मावशीचं गाव. जायची तारीख, यायची तारीख. खिडकीजवळची जागा. नाव, पैसे. तिचा हात कुठेच थांबला नाही, आणि त्याच्या वहीचं पान कोरंच राहिलं.

"झालं," ती म्हणाली. पडद्यावर तिकीट आलं होतं.

त्याला भरून आलं. आपल्या हातून आयुष्यात एक तरी गोष्ट धड झाली, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. त्यानं आईला मिठी मारली, फोन सुरू केला आणि मालकांना लावला.

"जिंकलात," मालक म्हणाले. "उद्या या सहीला."

आईनं चहा टाकला होता. पाठमोरीच ती म्हणाली, "म्हणजे आता रविवारची तपासणी नाही."

"नाही. सुटलीस बघ माझ्या तावडीतून."

"हो," आई म्हणाली.

चहा उकळेपर्यंत त्याला दोन फोन येऊन गेले. कप त्यानं उभ्याउभ्याच रिकामा केला आणि निघाला.

जिन्यात खालच्या काकू भेटल्या. कठड्याला धरून सावकाश वर येत होत्या.

"झाली का रे तपासणी? पुन्हा लेकीकडे जायचंय. तिकीट काढायचं होतं."

"काकू, आता तुम्हीच काढा की," तो खुशीत म्हणाला. "माझ्या आईला जमलं, म्हणजे कुणालाही जमेल."

काकूंना हसू आवरेना. "चेष्टा करतोस होय म्हातारीची? यायची तारीख सापडत नव्हती ती मला. जागेचं कोडं सुटत नव्हतं ते वरच्या आजोबांना. आई तुला सांगायची म्हणून तू नीट तरी केलंस. तिला स्वतःला कसली आलीय अडचण? साइट सुरू झाल्यापासून आम्हा सगळ्यांची तिकिटं तीच तर काढून देते."