एका ओळीची दुरुस्ती

देवमननं फोन टेबलावर ठेवला आणि हर्षाकडे सरकवला.

"हा मेसेज तुमच्याच हापिसातून आला ना?"

धरणाचे इशारे गावोगाव पाठवणारा प्रोग्राम याच ऑफिसानं बनवला होता आणि हा मेसेज हर्षानंच लिहिला होता. वरच्या धरणातून पहाटे पिण्याचं पाणी सोडणार आहेत, नदीच्या पात्रात कोणी थांबू नये, गुरंढोरं काठावर घ्यावीत. खाली तो पोचल्याची वेळ होती. सकाळचे साडेनऊ.

तो कोण, हे तिला विचारावं लागलं नाही. गेल्या आठवड्यात पेपरात त्याचा फोटो आला होता. पात्रातल्या डांगरवाडीत, म्हणजे टरबुजाच्या मळ्यात, रानडुकरं घुसतात म्हणून त्याची बायको मनकर्णा रात्री तिथंच झोपायची. ती पाण्यात वाहून गेली होती.

"बसा, काका."

तो बसला. खुर्चीच्या कडेवर.

"मी इथंच होतो, अमरावतीत. टरबुजाची गाडी घेऊन मार्केटात आलतो. मेसेज वाचला अन तिले फोन लावला, तं बंद. मले वाटलं चार्जिंग संपली असन." त्यानं टेबलावरच्या फोनकडे बोट केलं. "पानी पहाटीच आलतं, म्याडम. तुमी साडेनवाले काहून सांगतलं?"

कोणी विचारायला आलं तर चौकशी चालू आहे एवढंच म्हणायचं, असं ऑफिसचे प्रमुख स्वप्निल सरांनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. सर आज अकोल्याला गेले होते. हर्षानं हातातलं पेन खाली ठेवलं.

"तो चारला जायचा होता," ती म्हणाली. "आमच्या प्रोग्रामनं वेळ चुकीची धरली."

"घडी बंद पडली व्हती का?"

"नाही. आम्ही ज्या भाषेत प्रोग्राम लिहितो ना, तिची माहिती इंटरनेटवर असते. कोणती आज्ञा दिली की कॉम्प्युटर काय करेल, ते सगळं त्यात दिलेलं असतं. त्यात लिहिलं होतं, ही आज्ञा दिली की आपल्या इथली वेळ मिळते. ती मिळत नाही. विलायतेकडची मिळते, साडेपाच तास मागची. तिकडे चार वाजले तेव्हा मेसेज सुटला."

देवमननं हे मनात एकदा घोळवलं.

"म्हंजे पुस्तकातच चुकीचं लिवलं व्हतं."

"हो."

"अन तुमी तपासलं नाही."

"मेसेज जातो की नाही ते तपासलं होतं. लगेच पाठवून पाहिला होता." तिचा आवाज खाली गेला. "वेळ लावून पाठवलेला हा पहिलाच."

तो रागावेल असं तिला वाटलं. तो रागावला नाही. त्यानं खिशातून रुमाल काढून मान पुसली आणि विचारलं, "ज्यानं लिवलं त्याले सांगतलं का कोनी?"

"मी सांगितलं."

तिनं स्क्रीन त्याच्याकडे वळवली. ती भाषा बनवणारे लोक चुका कुठे कळवून घेतात, ते पान होतं. सगळं इंग्रजीत. देवमननं वाकून पाहिलं आणि म्हणाला, "वाचून दाखवा."

ती मराठीत सांगत गेली. अमुक पानावरची अमुक ओळ चुकीची आहे. असं करून पाहिलं तर असं येतं. ही ओळ खरी मानून आम्ही धरणाच्या पाण्याचा इशारा देणारा प्रोग्राम लिहिला, इशारा उशिरा गेला आणि एक बाई मेली.

ती शेवटची ओळ काढून टाका, असं सर दोनदा म्हणाले होते. तिनं काढली नव्हती.

"एक बाई," देवमन म्हणाला. "नाव नाही टाकलं?"

"नाही."

"काहून?"

नाव लिहायचं हर्षाच्या मनातही आलं नव्हतं.

"बरं," तो म्हणाला. "मंग काय म्हनून राहिले ते?"

उत्तर सकाळीच आलं होतं. तुमचं म्हणणं बरोबर आहे, वाईट वाटलं, स्पष्ट उदाहरण दिल्याबद्दल आभार. सोबत दुरुस्ती दाखवली होती. जुनी ओळ लाल, तिच्याखाली नवी हिरवी. दोन्हींत एका शब्दाचा फरक होता. देवमननं त्या शब्दाखाली बोट धरलं.

"एवढंच?"

"एवढंच."

"किती वेळ लागला असन याले?"

"दोन मिनिटं."

त्याचं बोट काचेवर तसंच राहिलं. मग ते खाली घसरत आलं आणि हिरव्या ओळीखालच्या बारीक अक्षरांवर थांबलं. "अन हे काय हाये?"

हे वाचून दाखवायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. पण तो वाट पाहत राहिला.

"ही चूक आधीही एकानं कळवली होती," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी. त्यांनी ती तक्रार बंद करून टाकली."

"खोटी व्हती?"

"नाही. हेच लिहिलं होतं त्यानं, माझ्यापेक्षा नीट. त्यांनी त्याला विचारलं, यानं कोणाचं काय बिघडलं ते दाखवा. त्यानं काही दाखवलं नाही. म्हणून बंद केली."

देवमननं फोन उचलून खिशात ठेवला. उठला. दारापर्यंत गेला आणि तिथून वळून म्हणाला, "त्याचं कोन गेलं व्हतं?"

हर्षानं ती जुनी तक्रार उघडली. कुठल्या तरी देशातला कोणी तरी माणूस होता. तिनं त्याचं लिहिलेलं वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा वाचलं.

"कोणीच नाही," ती म्हणाली.