परत पाठवणारे आपण कोण?

"बाबा, मास्क नाकावर घ्यायचा असतो, डोळ्यांवर नाही," लेक हसून म्हणाली आणि नर्सच्या मागोमाग आत गेली.

प्रवचनकारांना हसू आलं नाही. दवाखान्याच्या बाकावर ते अंग चोरून बसले. समोरच्या भिंतीवर गुटगुटीत बाळांचे फोटो होते. त्यांतलंही एखादं आपल्याला ओळखेल, इतके ते धास्तावले होते.

धास्ती उगाच नव्हती. तीस वर्षं ते भर सभेत ठासून सांगत आले होते, की गर्भ तपासायचा आणि हवा तोच ठेवायचा, हा माणसाचा उद्धटपणा आहे. देवानं पाठवलेल्या जिवाला दारातून परत पाठवणारे आपण कोण? या वाक्याला बायामाणसं डोळे पुसत. त्याची ध्वनिमुद्रणं घरोघरी वाजत.

मग नातू झाला. पाच महिने झाले तरी त्यानं मान धरली नाही. वर्षाचा होता होता त्याला दूधही गिळता येईना. आईबापांच्या रक्तातूनच आलंय, पुढच्या मुलातही उतरू शकतं, असं डॉक्टर म्हणाले. नातू गेला तो आजोबांच्या मांडीवर. सभेत ते वाक्य त्यानंतरही म्हणावं लागे, कारण लोक त्याचीच वाट बघत. पण घरी त्यांनी स्वतःहून लेकीला सांगितलं, "पुढच्या वेळी तपासून घे. पाप लागलं तर मला लागू दे."

प्रयोगशाळेत वाढवलेले चार गर्भ तपासले होते. दोघांत तोच आजार निघाला, दोन निरोगी होते. निरोगींपैकी एक आज लेकीच्या पोटात सोडायचा होता. तिची चाळिशी उलटली होती आणि तिच्या शरीराला हे एवढं एकदाच झेपेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"गुरुजी, तुम्ही?"

प्रवचनकारांनी मास्क आणखी वर ओढला. समोर पन्नाशीची एक बाई उभी होती. अंगात निळे कपडे, केसांवर टोपी.

"मघाशी काउंटरवर पाणी मागितलंत ना, आवाजावरून ओळखलं. मी इथल्या प्रयोगशाळेत असते. अठरा वर्षं झाली. तुमची प्रवचनं ऐकल्याशिवाय माझा स्वयंपाक होत नाही."

"गर्भ तुमच्याकडे असतात?" काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं. "अदलाबदल नाही ना होत कधी?"

"प्रत्येक डबीवर नाव आणि नंबर असतो. मी मोठ्यानं वाचायचं, दुसरीनं बघून सही करायची. हल्ली आमची पोरगी बघतसुद्धा नाही, नुसती सही ठोकते. म्हणते, ताई, तुमचं कधी चुकलंय का?" तिनं आवाज खाली आणला. "नाकारलेले टाकायचं कामही माझंच. तुमचं वाक्य आठवतं तेव्हा. हात जड होतात."

प्रवचनकारांनी मान खाली घातली.

"तुम्ही इथे कसे पण?"

खरं सांगायला ही वेळ बरी होती. एका वाक्यात भागलं असतं. पण उद्या ही बाई चार जणींना सांगेल, या विचारानं त्यांची जीभ भलतीकडेच वळली.

"लेक आहे आत. मी पुष्कळ समजावलं, पण आजकालची मुलं ऐकतात का?"

"म्हणजे तुमच्या मनाविरुद्ध चाललंय?"

"मी सभेत सांगतो तेच माझं मत. ते काय घरी येऊन बदलतं?"

"दोघांना नाकारलंय त्यांनी. आज आत एकच बाई आहे, तिचा कागद बघितला मी."

"त्यांच्याच विचारानं झोप उडालीय माझी," ते म्हणाले. झोप उडाली होती हे खरंच होतं.

बाईचे डोळे भरून आले. "तुम्ही निर्धास्त राहा. तुम्ही इथे आला होतात हे कुणाला कळायचं नाही," एवढं बोलून ती आत गेली.

प्रवचनकारांचा जीव भांड्यात पडला.

तासाभरानं त्यांना आत बोलावलं. लेक खाटेवर आडवी होती, चेहरा उजळला होता. सगळं मनासारखं झालं, असं डॉक्टरांनी सांगितलं. "बाबा, याची मान आपल्याला धरावी लागणार नाही," ती म्हणाली, आणि प्रवचनकार लहान मुलासारखे रडले. नातू गेल्यावर इतकं हलकं त्यांना पहिल्यांदाच वाटत होतं. पुढच्या सभेत खरं सांगून टाकायचं, लोक काय म्हणायचं ते म्हणोत, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं.

डोळे पुसत ते बाहेर आले. दाराशी प्रयोगशाळेतली बाई उभी होती. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि त्यांच्या जवळ सरकली.

"आज घरी जाऊन शांत झोपा, गुरुजी," ती हळूच म्हणाली. "निरोगी दोन्ही माझ्याकडेच आहेत. त्यांनी नाकारलेल्यातला एक मी आत दिला."