तेरा मिनिटांचं अंतर

कालिंदीचं खगोलशास्त्राचं कॉलेज पृथ्वीवर होतं आणि ती मंगळावरच्या खाणवस्तीत राहायची. ऑनलाइन चाचणीला वीस मिनिटं मिळत. प्रश्न यायला तेरा मिनिटं लागत आणि उत्तर जायलाही तेरा. दोन चाचण्यांत तिला शून्य मिळालं होतं. तिसरीही गेली, तर पृथ्वीवर जाणाऱ्या यानातली तिची जागा जाणार होती.

"कॉलेजला कळवलंस का?" वडिलांनी विचारलं.

"कळवलं, अप्पा. वेळ सगळ्यांना सारखीच, म्हणाले."

"मग चल उद्यापासून दगड फोडायला."

धडा प्रकाशाच्या वेगाचा होता. प्रश्न कुठला येईल ते ताडून तिनं चाचणी सुरू होताच उत्तर पाठवून दिलं: मंगळावरून पृथ्वीवर प्रकाश पोचायला आज तेरा मिनिटं लागतात. थोड्या वेळानं प्रश्न आला. तोच होता. अप्पांनी तिच्यासाठी चहा टाकला.

मग निकाल आला. "उत्तर बरोबर आहे. परंतु प्रश्न मंगळावर पोचण्याआधीच ते तिथून निघालं होतं, हे प्रकाशाच्या वेगावरून सिद्ध होतं. कॉपी केल्याबद्दल आपलं नाव कमी केलं आहे. खुलासा वीस मिनिटांच्या आत आमच्याकडे पोचावा."

पत्र निघून तेरा मिनिटं झाली होती. कालिंदी तरीही खुलासा लिहायला बसली. अप्पांनी खुंटीवरचं जादा हेल्मेट काढलं आणि पुसायला घेतलं.