नववा तास

सून घरात तोंड उघडत नाही, हे सासूबाईंचं गाऱ्हाणं गल्लीतल्या प्रत्येक बाईला पाठ झालं होतं. सकाळी साडेसहाला शाळेत शिकवायला जाते, संध्याकाळी सहाला उगवते आणि काही विचारलं तर नुसती मान हलवते. चार बुकं जास्त शिकली म्हणून काय आमच्याशी बोलताना हिची जीभ झिजते? सासूबाईंची स्वतःची शाळा दुसरीतच सुटलेली, त्यामुळे ही मान त्यांना फार टोचायची. मुलगा परगावी नोकरीला. मागच्या खेपेला आला तेव्हा त्यांनी त्याला बजावलंच होतं, की पुढच्या महिन्यात वेगळी खोली बघ, मुक्या माणसाबरोबर मी दिवस काढणार नाही.

त्या दुपारी वाऱ्याने दार धाडकन लागलं. किल्ली आत, सासूबाई बाहेर. दुसरी किल्ली सुनेकडे. शाळा तीन गल्ल्या सोडून होती. लग्न ठरवताना सांगितलं होतं, तीनला सुटते म्हणून. मग मधले तीन तास ही कुठे उंडारते, तेही आज कळेल, अशा तोऱ्यात सासूबाई निघाल्या.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने त्यांना बाकावर बसायला सांगितलं. शाळा आता चारला सुटते म्हणाला. मालकांनी यंदा नववा तास वाढवला, सहा आठवड्यांची मोठी सुट्टी तीनवर आणली. पोरं तेवढीच अडकून राहतात म्हणून आईबाप खूश. शाळा सुटल्यावर बाईलोकांना वह्या तपासायला बसवतात, ते वेगळंच.

बसा म्हटल्यावर बसतील त्या सासूबाई कसल्या! त्या व्हरांड्यातून एकेक खिडकी बघत पुढे गेल्या.

तिसऱ्या खिडकीत सून दिसली. एक हात टेबलावर, एक गळ्यावर. ओठ हलत होते, आवाज काही येत नव्हता. पहिल्या बाकावरची पोरं कान देऊन ऐकत, मग मागे वळून दुसऱ्या बाकाला सांगत. "मग नदी डोंगराला वळसा घालते." दुसरा बाक तिसऱ्याला सांगे. वाक्य असं मागे मागे सरकत शेवटच्या भिंतीपर्यंत पोचलं, की तिथला एक जण हात वर करी आणि सून पुढचं वाक्य घेई. पन्नास पोरं, पण कुठे गडबड नाही.

खिडकीजवळच्या दोन वेण्यांच्या पोरीने सासूबाईंना पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"बाईंचा आवाज आठव्या तासाला संपतो," ती हळूच म्हणाली. "डॉक्टरांनी सुट्टीभर गप्प राहायला सांगितलं होतं, पण सुट्टीच लवकर संपली ना. आजी, ऑफिसात सांगू नका हं. बाईंना काढून टाकतील."

सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला उलट उत्तर दिलं नाही. मुकाट्याने बाकावर येऊन बसल्या. घंटा झाली, पोरं गेली, वह्या तपासायची वेळ संपली, तरी बसून होत्या.

सून बाहेर आली आणि त्यांना पाहून पांढरीफटक पडली. सासूबाईंनी तिच्या काखेतला उरलेल्या वह्यांचा गठ्ठा ओढून घेतला आणि चालू लागल्या. गल्लीच्या तोंडाशी शेजारीण भेटली. आज दोघी बरोबर कशा, असं तिने सुनेलाच विचारलं. सुनेने घसा खाकरला, पण त्याआधीच सासूबाईंनी शेजारणीला सविस्तर उत्तर देऊन टाकलं. दाराचं, वाऱ्याचं आणि वर शेजारणीच्या चौकशांचंही.

घरात शिरल्यावर सून धीर करून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आई, मी..."

सासूबाईंनी वह्या टेबलावर आदळल्या.

"खबरदार एक शब्द बोललीस तर. तू त्या पोरांशी बोल. या घरात दोघींचं मी बोलते."