एमे जावई

“मी बीए, पोरगी एमे. जावई एमेच्या खाली चालणार न्हाई,” हे आमच्या ह्यांचं जुनं तुणतुणं. नोकरीला गेलेल्या आमच्या लेकीनं, राजकन्येनं, फ्रान्सहून फोन करून लग्न ठरवल्याचं सांगितलं, तेव्हा ह्यांनी एकच विचारलं, “कोण हाय पोरगा?”

“एमे,” ती म्हणाली.

ह्यांनी पुढचं ऐकलंच नाही. फोन माझ्या हातात कोंबला आणि पेढे आणायला पळाले. दोन दिवसांत अख्ख्या शिरूर अनंतपाळला आमचा जावई एमे असल्याचं कळलं. पुढचं मी ऐकलं होतं, पण गप्प बसले.

आज दोघं ऑटोतून उतरली. दारात सगळी गल्ली लोटली होती. मी ओवाळायच्या आधीच ह्यांनी विचारलं, “एमे कशात केलंय गं पाहुण्यांनी?”

“आप्पा, एमे त्याचं नाव आहे! त्याच्या आजोबांचं ठेवलंय. फ्रेंचमध्ये एमे म्हणजे लाडका.” मग ती हळूच म्हणाली, “शाळा दहावीतच सुटली त्याची. बेकरीत पाव भाजतो.”

हे जावयाकडे बघतच राहिले. तो राजकन्येच्या डोक्यावर छत्री धरून, स्वतः उन्हात टमाट्यासारखा लाल होऊन उभा होता. तिचं ओझंही त्याच्याच खांद्यावर.

मागून शेजारचे व्यंकटीभाऊजी ओरडले, “सर, जावई एमे कशात हाय म्हणालात?”

ह्यांनी पुढं होऊन छत्री आपल्या हातात घेतली आणि जावयाच्या डोक्यावर धरली.

“लाडात! अन् तेबी फर्स्ट क्लास!”